‘आनंदी गोपाळ’ पाहिला, आता मुक्ता साळवे वाचा

कल्याण-डोंबिवलीत ‘आनंदी गोपाळ’चं कौतुक होणारच, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी कल्याणच्याच. समीर विद्वांस यांचा हा चित्रपट (१५ फेब्रुवारी २०१९) मी परवा पाहिला, आवडला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होऊन २१व्या वर्षी गेलेल्या या मुलीची जिद्द कोण नाकारेल?

पण शिकलेली मुलगी म्हटलं की आपल्यालाही आधी तीच का आठवते? तिच्या जन्माआधी १० वर्षं, १५ फेब्रुवारी १८५५ रोजी (तारखेचा योगायोग पाहा!) ‘ज्ञानोदय’मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. पुढचा भाग १ मार्चला. वेद वाचायची आम्हाला बंदी, मग आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल. आमच्या बाया छपराविना थंडीपावसात बाळंत होतात, हेही तिनेच लिहिलं.

१८८३ मध्ये सेरामपूरला आनंदीबाईंनी सांगितलं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. त्यांना परतायला धर्म होता. मुक्ताने २८ वर्षं आधीच त्या धर्माकडे हिशेब मागितला होता. तिच्या दुःखात नवरा-बायकोची गोष्ट नाही, अख्ख्या जातीवरचा अन्याय आहे.

येत्या १४ एप्रिलला डीजेचा आवाज थोडा वेळ बंद ठेवून वस्तीतल्या एखाद्या शाळकरी मुलीकडून तो निबंध मोठ्याने वाचून घ्या.