चौकटीतील डोळे

नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी आमची बदली झाली, त्या त्या गावी नव्या बिऱ्हाडात पहिला खिळा ठोकला गेला तो एका चित्रासाठी. वाईच्या घाटाचे ते एक लहानसे जलरंगातील चित्र आहे. कृष्णेचे संथ पाणी, पायऱ्या, मागे ढोल्या गणपतीचे देऊळ. माणूस एकही नाही. गेल्या वर्षी रजा काढून आम्ही वाईस गेलो, त्याच घाटावर उभे राहिलो, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हे काही आपल्या चित्रासारखे नाही! त्या विचाराचे आमचे आम्हालाच भय वाटले. त्या भयाच्या निमित्ताने एका विलक्षण कथापरंपरेचा मागोवा घ्यावा असे वाटले. ही परंपरा आहे कलाकृतीने पछाडलेल्या माणसांच्या कथांची.

या परंपरेतील एक आद्य पुरुष निकोलाय गोगोल हा आमच्याच व्यवसायातला होता, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. १८२९ ते १८३१ या काळात त्याने पीटर्सबर्गच्या सरकारी खात्यांत कारकुनी केली. १८३५ मध्ये त्याची ‘तसबीर’ ही कथा प्रसिद्ध झाली. चार्तकोव नावाच्या एका गरीब चित्रकाराच्या हाती एका वृद्ध सावकाराचे चित्र लागते. त्या चित्रातील डोळे रंगवलेले वाटत नाहीत. जिवंत माणसाचे काढून तेथे बसवावेत तसे ते पाहतात. रात्री म्हातारा चौकटीतून उतरतो आणि सोन्याच्या नाण्यांच्या गुंडाळ्या मोजू लागतो. चित्रकार किंचाळून जागा होतो, पण ते जागे होणे हेही स्वप्नच असते. त्यातून जागा होतो, तर तेही स्वप्नच.

या कथेचे गोगोलने १८४२ मध्ये पुनर्लेखन केले, आणि आमच्या मते या साऱ्या परंपरेचे मर्म त्या फेरफारात साठवले आहे. पहिल्या पाठात चित्रकार दुकानातील ते डोळे पाहून भितो, चित्र तेथेच टाकून पळ काढतो, आणि घरी येऊन पाहतो तो चित्र आपल्या आधीच भिंतीवर हजर! हा शुद्ध भुताटकीचा मामला झाला. बेलिन्स्कीसारख्या समीक्षकास ही अद्भुतता रुचली नाही. दुसऱ्या पाठात चार्तकोव खिशातले शेवटचे वीस कोपेक मोजून ते चित्र विकत घेतो आणि काखेत मारून स्वतःच्या पायांनी घरी नेतो. फरक एवढासाच, पण पहिल्या पाठात चित्र माणसाचा पाठलाग करते, तर दुसऱ्यात माणूसच आपला शेवटचा पैसा देऊन आपला काळ घरी आणतो. भुताचे बिऱ्हाड पडद्यावरून हलले आणि पाहणाऱ्याच्या मनात आले.

पुढे चौकटीतून पडलेल्या सोन्याच्या जोरावर चार्तकोव श्रीमंतांचा लाडका चित्रकार होतो. वर्षांमागून वर्षे जातात. एके दिवशी इटलीत राहून तपश्चर्या केलेल्या जुन्या सहाध्यायाचे एक निर्मळ चित्र तो पाहतो, आणि आपण काय गमावले हे त्यास कळते. मग तो उत्तमोत्तम चित्रे विकत घेतो, ती घरी आणून फाडतो, आणि वेडाच्या भरात मरतो. दहा वर्षांनी, १८५२ च्या फेब्रुवारीत, खुद्द गोगोलने ‘मृत आत्मे’च्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित आगीत घातले आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. कथेतील वेड लेखकापासून फार दूर नव्हते.

गोगोलच्या थोडे आधी, १८३१ मध्ये, फ्रान्सच्या बाल्झाकने ‘अज्ञात श्रेष्ठकृती’ ही कथा लिहिली होती. तीतील वृद्ध चित्रकार फ्रेनहोफर एका स्त्रीचे चित्र दहा वर्षे रंगवीत असतो आणि ते कोणालाही दाखवीत नाही. ते पाहावयास मिळावे म्हणून तरुण पुसँ आपल्या प्रेयसीला, जिलेतला, त्याच्यापुढे बसावयास लावतो. अखेर पडदा दूर होतो. समोर रंगांचा नुसता चिखल. त्यातून कोपऱ्यात एक सुंदर पाऊल तेवढे शिल्लक राहिलेले. म्हातारा त्याच रात्री आपली चित्रे जाळून प्राण सोडतो. परंतु आम्हांस अधिक बोचते ती जिलेत. सारे त्या पडद्याकडे डोळे लावून उभे असताना ती कोपऱ्यात रडत असते. तेथे ती आहे हेच कोणाच्या ध्यानी राहत नाही. कलेच्या वेडाचा खर्च नेहमी कोणा जिवंत माणसाच्या खात्यावर पडतो.

हाच हिशेब १९५८ मध्ये हिचकॉकने ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात निर्दयपणे मांडला. त्याचा आधार होता ब्वालो आणि नार्सजॅक या जोडीची १९५४ ची फ्रेंच कादंबरी. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संग्रहालयात मॅडलिन नावाची स्त्री कार्लोटा नामक मृत स्त्रीच्या चित्रापुढे तासन्‌तास बसते. केसांचा अंबाडा तोच, हातातला पुष्पगुच्छ तोच. तिच्यावर पाळत ठेवणारा माजी पोलीस अधिकारी स्कॉटी तिच्यात गुंततो. वस्तुतः हा सारा देखावा एका खुनासाठी रचलेला असतो. भूत खोटे, झपाटणे खोटे. खरे होते ते एकट्या स्कॉटीचे वेड. मॅडलिन मेली असे समजून तो भटकतो, तेव्हा ज्युडी नावाची साधी मुलगी त्याला भेटते, आणि तो तिचे कपडे, केसांचा रंग, अंबाडा, सारे बदलावयास लावतो. आपल्यावर आहोत तसेच कोणी प्रेम करावे एवढेच तिचे मागणे. ते तेवढे त्यास देता येत नाही. आरंभी संमिश्र स्वागत झालेला हा चित्रपट २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक-कौलात सर्वश्रेष्ठ ठरला.

ही केवळ कथाकारांची कल्पना म्हणावी, तर वैद्यकही साक्षीस उभे राहते. १८१७ मध्ये स्टेंढालने फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना आपली छाती कशी धडधडली आणि आपण कोसळू असे कसे वाटले, ते लिहून ठेवले. त्याच शहरातील मानसोपचारतज्ज्ञ ग्रात्सिएला माघेरिनी यांनी कलादर्शनाने भोवळून रुग्णालयात आलेल्या शंभरावर प्रवाशांचा अभ्यास १९८९ साली ग्रंथरूपाने मांडला आणि या विकारास स्टेंढालचे नाव दिले. १९९६ मध्ये दारिओ अर्जेंतोने त्याच नावाचा चित्रपट काढला. त्यात एक पोलीस तरुणी उफिझी संग्रहालयात मूर्च्छित पडते आणि चित्रातल्या समुद्रात बुडू लागते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माघेरिनींपुढे आलेले हे रुग्ण दुरून आलेले प्रवासी होते. दूरस्थालाच चित्र असे बाधते.

आपण सारे, वाचकहो, दूरस्थच आहोत. दिल्लीत असो वा गुवाहाटीत, आपण प्रत्येकाने महाराष्ट्राचे एक चित्र काखेत मारून आणले आहे. ते आपल्यामागे उडत आलेले नाही. त्यात गर्दी नाही, भांडण नाही, म्हातारे झालेले आईवडील नाहीत. रजेवर गेल्यावर त्या चित्राचा अंबाडा आपण जिवंत गावास घालू पाहतो, आणि तो बसला नाही की गावच बिघडले म्हणून परततो.

वाईच्या घाटावर त्या दिवशी एक वृद्ध बाई धुणे धूत होत्या. “कुठले तुम्ही?” असे त्यांनी विचारले. आम्ही “इथलेच,” म्हणालो. पण डोळे त्यांच्यामागच्या देवळाकडेच होते. त्यांचा चेहरा आज आम्हांस आठवत नाही. चित्र भिंतीवर अजून आहे, आणि ते काढून टाकण्याचा आमचा विचार नाही. मात्र पुढच्या रजेत त्या घाटावर गेलो, तर आधी माणसांकडे पाहावे, असे आम्ही ठरवले आहे.