स्नानगृहातील दिवा व एक्झॉस्ट पंख्याची वीजजोडणी

स्नानगृहातील दिवा व एक्झॉस्ट पंख्याची वीजजोडणी हा घरगुती सिंगल फेज वायरिंगचा एक भाग होय. भारतात हा पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ इतका असतो. दिवा आणि पंखा मिळून जेमतेम पंचवीस-पन्नास वॉट वीज घेतात. त्यामुळे त्यांचे स्विच बदलणे किंवा वेगळे करणे हे किरकोळ काम समजले जाते. तथापि विजेच्या धक्क्याचा धोका उपकरण किती वीज घेते यावर नव्हे, तर विद्युतदाब आणि शरीराचा ओलेपणा यांवर अवलंबून असतो.

रचना

महाराष्ट्रातील अनेक सदनिकांत स्नानगृहाचा स्विचबोर्ड दाराबाहेर असतो. आत कोणी असताना बाहेरून दिवा मालवला जाण्याची गैरसोय त्यामुळे होते, पण ओला हात स्विचपर्यंत पोहोचत नाही हा त्याचा मोठा लाभ आहे. ब्रिटनमध्ये याच हेतूने छताला टांगलेल्या दोरीचा स्विच वापरतात. स्नानाच्या टबापासून अंतर मोजून सुरक्षित क्षेत्र ठरवण्याची पाश्चात्त्य पद्धत बादलीने अंघोळ होणाऱ्या मोरीला पुरेशी लागू पडत नाही, कारण येथे सगळी फरशीच ओली असते.

बोर्डात आलेली फेजची तार स्विचला जोडतात आणि स्विचच्या दुसऱ्या टोकापासून निघालेली तार दिव्याकडे किंवा पंख्याकडे जाते. न्यूट्रल तार मध्ये स्विच न येता थेट उपकरणाला मिळते. दिवा व पंखा एकाच स्विचवर असल्यास ते वेगळे करण्यासाठी बोर्डातच फेजचा एक तुकडा दुसऱ्या स्विचपर्यंत नेतात. मात्र पंख्यापर्यंत स्वतंत्र तार आधीपासून नसेल, तर ती पाइपातून नव्याने ओढावी लागते. दिवा व पंख्याची न्यूट्रल तार एकच असली तरी चालते. पण ती दुसऱ्या आरसीसीबीच्या मंडलातून घेतल्यास जोडणी वरकरणी बरोबर दिसूनही आरसीसीबी वारंवार पडतो.

जुन्या प्रचलित पद्धतीत फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असते. उपकरणांच्या वायरीत मात्र तपकिरी म्हणजे फेज व निळी म्हणजे न्यूट्रल असल्याने निळ्या रंगाबाबत गफलत होऊ शकते. जुन्या घरांत तर हाताला येईल ती तार वापरलेली आढळते. तेथे रंगावर विसंबणे घातक ठरते.

न्यूट्रलवरील स्विच

या कामातील सर्वांत फसवी चूक म्हणजे स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसणे. दिवा नेहमीप्रमाणे लागतो आणि विझतोही, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. प्रत्यक्षात दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये पूर्ण दाब असतो. बल्ब बदलण्यासाठी स्टुलावर चढलेल्या माणसाला स्विच बंद केल्याचा काहीही उपयोग होत नाही. बंद केलेला एलईडी दिवा मंद मिणमिणत राहणे हे या चुकीचे एक संभाव्य लक्षण आहे; स्विचमधील दर्शक दिव्यामुळेही असे होऊ शकते.

ओल्या अंगाचा विद्युतरोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्ट दाबाने शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि तो हृदयाची लय बिघडवण्यास पुरेसा असतो. दिव्याच्या मंडलावरील ६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाची दखलही घेत नाही, कारण तो तारांच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. जमिनीकडे ३० मिलिअँपिअर प्रवाह गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी माणसाला वाचवू शकतो. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल यांना स्पर्श झाला व जमिनीकडे गळती नसली, तर त्याचाही उपयोग होत नाही.

पुरवठा बंद करणे

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करणे आवश्यक असले तरी इन्व्हर्टर असलेल्या घरात तेवढे पुरत नाही. मुख्य पुरवठा बंद होताच इन्व्हर्टर वीज गेली असे समजून दिवे-पंख्यांचे मंडल स्वतः चालू करतो. म्हणून त्याचे निर्गम बंद करून तारा त्याच्यापासून तोडाव्या लागतात. निऑन टेस्टर न लागणे हा वीज नसल्याचा खात्रीचा पुरावा नव्हे. तो आधी चालू सॉकेटवर तपासून पाहतात आणि शक्यतो व्होल्टमापकानेही मोजणी करतात.

कायदेशीर बाजू

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ नुसार मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलता दिवे, पंखे, फ्यूज व स्विच बदलण्यास परवान्याची अट नव्हती. त्यापलीकडील भर, फेरफार व दुरुस्ती मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नंतरच्या विनियमांतही ही विभागणी टिकून राहिली. त्यानुसार बिघडलेला स्विच काढून तसाच नवा बसवणे सवलतीत बसते, तर पंख्यासाठी नवी तार ओढणे हे परवानाधारक तारतंत्र्याचे काम ठरते.