शाळा, संगीत व ख्रिस्तसभा : एक ऐतिहासिक अवलोकन

ज्युबिलीच्या स्मरणिकेत इमारतींची वाढ, सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची नामावली आणि धर्मग्रामाचा जमाखर्च छापावा, हा रिवाज योग्यच आहे. दगड, विटा व कौले ह्यांचा हिशेब वहीत राहतो. परंतु मुलांच्या कंठात सूर कोणी घातला, त्यांस ताल कोणी शिकविला, ह्याची नोंद सहसा कोठे आढळत नाही. आणि तरीही गाण्यावाचून आपला एकही सण पार पडत नाही. म्हणून, प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ह्या मंगल प्रसंगी कोरीटच्या वाचकांपुढे आपल्या ख्रिस्तसभेने शाळेत संगीत व कला कशी शिकविली, तीत तिला यश कोठे आले व तिचे पाऊल कोठे चुकले, एवढाच इतिहास संक्षेपाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या कथेचा आरंभ गोमंतकात होतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली तेथे गावोगाव देवळे उभी राहिली. त्या काळचा मिस्सा लॅटिन भाषेत होई व मोठ्या सणास तो गाऊन साजरा करावा लागे. आता प्रत्येक गावी पोर्तुगालातून गवई आणणे कोणास शक्य होते? तेव्हा गावच्याच मुलांस गाणे शिकविणे प्राप्त झाले. जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात, जेथे १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना आला, तेथे इतर विद्यांबरोबर संगीताचेही शिक्षण दिले जाई. पुढे देवळाला लागून धर्मग्रामाची शाळा व त्या शाळेत एक 'मेस्त्र', म्हणजे संगीतशिक्षक, ही व्यवस्था गोमंतकात रूढ झाली. मेस्त्र मुलांस अक्षरओळख व धर्मशिक्षण देई, स्वरलिपी वाचावयास शिकवी, आणि ज्याचा हात चांगला त्याच्या हाती व्हायोलिन देई. शिकलेला मुलगा देवळाच्या गायकवृंदात उभा राही, गावच्या सणाला वाजवी. शिक्षण व त्याचा उपयोग ह्यांत अंतर नसल्यामुळे ही शाळा पिढ्यान् पिढ्या टिकली.

ह्याच सुमारास एका परदेशी धर्मगुरूने आपल्या भाषेवर अमोल उपकार केला. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व साष्टी प्रांतात राहून त्यांनी मराठी आत्मसात केली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती व तिच्या जागी त्यांच्या कानांस दुसरे काही मिळाले नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्स ह्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघाले. त्यांनी लॅटिनचा अनुवाद करून लोकांच्या हाती दिला असता तर तो थोड्यांनीच वाचिला असता. त्यांनी ओवी निवडिली, कारण ती दळणाऱ्या बाईच्या ओठांवर आधीपासूनच होती. म्हणूनच हा ग्रंथ देवळांत व घरांत गाइला गेला, व हस्तलिखितांच्या रूपाने शतकानुशतके जिवंत राहिला.

तथापि इतिहास सांगावयाचा तो पुरता सांगावा. स्टीफन्स १६१९ साली निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात त्यांची दृष्टी टिकली नाही. १६८४ साली गोव्याच्या सरकारने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढिला. १७३६ साली तेथील इन्क्विझिशनने एक विस्तृत जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात ख्रिस्ती लोकांनी लग्नकार्यात ओव्या गाऊ नयेत व देशी वाद्ये वाजवू नयेत, अशी बंदी घातली. म्हणजे ज्या ओवीत सुमारे एकशेवीस वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने प्रभूचे चरित्र गाइले, तीच ओवी आता दोषास्पद ठरली! ह्या गोष्टीचे समर्थन करण्याचा आमचा मानस नाही. ज्या ख्रिस्तसभेने मुलाच्या हाती व्हायोलिन दिले, तिच्याच अधिकाऱ्यांनी त्याच्या आजीच्या तोंडावर हात ठेविला, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी विसरता कामा नये.

सुदैवाने लोकांनी आपले गाणे सर्वस्वी टाकिले नाही. मातीचे घुमट हे वाद्य गोमंतकातील ख्रिस्ती घरांत वाजत राहिले. गोवा सरकारने २०१९ साली त्यास आपले वारसा-वाद्य म्हणून मान दिला आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे 'मांडो' हा गीतप्रकार बहरला. त्यात शब्द कोंकणी, साथीला घुमट, आणि चालीत पाश्चात्त्य स्वररचनेचा संस्कार. धर्मग्रामाच्या शाळेत शिकलेले व घरात ऐकिलेले, अशा दोन प्रवाहांचा तो संगम होय.

मेस्त्राच्या शाळेचे आणखी एक फळ सर्व भारताने चाखिले आहे. स्वरलिपी वाचणारे गोमंतकीय तरुण पोटासाठी मुंबईस आले व इंग्रजांच्या आणि संस्थानिकांच्या बँडांत, हॉटेलांत व मूकपटांच्या नाट्यगृहांत वाजवू लागले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला व त्यात मोठे वाद्यवृंद आले. संगीतकाराच्या मनातील चाल कागदावर उतरवून तीस-चाळीस वादकांत वाटून देण्याचे कौशल्य ह्याच लोकांजवळ होते. शंकर-जयकिशन ह्यांच्या कित्येक गीतांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा ह्यांची आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे देवळातील गायकवृंदाच्या प्रमुखाचे पुत्र. त्यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद जमवून भारतीय राग पाश्चात्त्य पद्धतीने वाजविण्याचा प्रयोग केला. त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका लोकप्रिय गाण्यात गुरूचे नाव गुंफिले गेले, ते ह्याच नात्याने. गावच्या शाळेत दिलेला धडा किती दूर जातो, त्याचे हे उदाहरण होय.

आपल्या महाराष्ट्रात व शेजारच्या मुलखात हे कार्य दुसऱ्या वाटेने झाले. नवापूरच्या पलीकडे लागूनच असलेल्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांनी १८८६ साली संगीतशाळा उघडली. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी १९०१ साली लाहोर येथे व १९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यापूर्वी गाणे हे दरबारी अगर बदनाम लोकांचे काम, अशी भल्या घरांची समजूत असे. पलुसकरांनी फी, पुस्तके, वर्ग व परीक्षा अशी सामान्य शाळेची पद्धत संगीतास लाविली आणि कोणाही गृहस्थाचा मुलगा गाणे शिकू शकेल असे केले. प्रॉटेस्टंट बंधूंमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी परकी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीस अभंग, भजन व कीर्तन आणून मराठी ख्रिस्ती उपासनेस मराठी कंठ दिला. त्यांची पदे आज आपणही आनंदाने गातो.

रोममधूनही ह्या विषयी वेळोवेळी मार्गदर्शन झाले आहे. दहावे पायस ह्यांनी १९०३ साली, संत सिसिलियेच्या सणादिवशी, पवित्र संगीतावर आज्ञापत्र काढिले. त्यात देवळातील गायनाचे गांभीर्य राखण्याचा आग्रह होता व ढोल-नगाऱ्यांस मज्जाव होता. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील दस्तऐवज प्रसिद्ध केला. संगीताचे शिक्षण गुरुमठांत व कॅथोलिक शाळांत दिले जावे, असे तो सांगतो. आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान देऊन शाळेत व उपासनेत तिला स्थान द्यावे, असेही सांगतो. फादर जॉर्ज प्रॉक्श ह्यांनी मुंबईत अंधेरी येथे ज्ञान आश्रम स्थापून भारतीय नृत्य व संगीत ह्यांतून शुभवर्तमान मांडिले. चित्रकलेत हेच कार्य आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांनी परिषदेच्या कितीतरी आधी केले. शांतिनिकेतनात शिकलेल्या ह्या गोमंतकीय चित्रकाराने पवित्र मरियेस लुगडे नेसविले, म्हणून स्वकीयांचा रोष ओढवून घेतला व पुण्यातील आश्रमात राहून आपले काम चालविले.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील शंभर माणसांत एकोणसत्तर माणसे आदिवासी. येथे गाणे ही कोणा एका जातीची वा कलावंताची मिरास नाही. ढोल, पावरी, थाळी, बासरी ही वाद्ये ज्याची त्याने उचलावी व सर्वांनी नाचावे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पाहावयास दुरून लोक येतात. गाण्याने समाज कसा उभा राहतो, हे ह्याच भूमीने दाखविले आहे. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी सोमवारी आरतीसाठी लोकांस एकत्र जमविले. हजारो भिल्ल बांधव आले, एकसुरात आरती म्हणू लागले, दारू सोडू लागले, परस्परांस 'आप' म्हणून सन्मानाने हाक मारू लागले. महाराज त्याच वर्षी वारले, परंतु त्यांचे बंधू रामदास महाराज ह्यांनी कार्य चालू ठेविले. धर्म वेगळा असला तरी ह्या घटनेपुढे आम्ही आदराने मस्तक लववितो. लिहितावाचता न येणाऱ्या माणसासही आपली किंमत सामुदायिक गाण्यातून कळते, हा तिचा धडा आहे.

हा ठेवा मात्र आता धोक्यात आहे. घरचे गाणे कानाने शिकावयाचे असते. त्याचे पुस्तक नाही. आपली पुष्कळ मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहतात. पुष्कळांचे आईबाप ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. आजी एकीकडे, नात दुसरीकडे, अशा स्थितीत गाणे हाती कोणी द्यावयाचे? शाळेने ही उणीव भरून काढावी म्हणावे, तर तेथेही अडचण आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण हा विषय असावा असे म्हटले, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यास दुजोरा दिला. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील, तेथेच कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. लहान पाड्यावरील लहान शाळेच्या वाट्यास तो यावयाचा कसा?

कित्येक पालक आम्हांस म्हणतात, "फादर, गाण्याने पोट भरते का? मुलाला गणित, इंग्रजी येऊ द्या." त्यांची काळजी खरी आहे, ज्याच्या घरी पहिलाच मुलगा दहावीस बसतो, त्याने गुणांचा विचार करू नये तर कोणी करावा? त्यांस आमचे उत्तर एवढेच, की मेस्त्राच्या शाळेत गाणे अक्षरांच्या जोडीनेच शिकविले जाई. जो मुलगा चार जणांत उभा राहून गातो, त्याची भीड मोडते. जो ताल मोजतो तो मोजणेच शिकतो. आणि ज्याच्या ढोलाला शाळेत मान मिळतो, त्यास आपल्या घराची लाज वाटत नाही. लाजेने शाळा सोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

ह्यास्तव ज्युबिलीच्या निमित्ताने धर्मग्रामापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवितो. पहिली : रविवारी मिस्सानंतर एक तास मुलांस स्वर, ताल व एखादे वाद्य पद्धतशीर शिकवावे, शिक्षकास मानधन धर्मग्रामाने द्यावे, कारण मेस्त्रही फुकट शिकवीत नसे. दुसरी : वृद्ध माताभगिनींस येते ते गाणे मुलांनी त्यांच्याजवळ बसून शिकावे, वहीत उतरवावे व आज हाताशी असलेल्या यंत्राने त्यांचा आवाजही जपून ठेवावा. तिसरी : ज्या मुलांच्या बोटांत चित्रकला आहे, त्यांस एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या शासकीय परीक्षांस बसविण्यास साहाय्य करावे, नाताळचा गोठा विकत न आणता त्यांच्याकडूनच करवावा.

ह्यास मोठे धन लागत नाही. पुढील ज्युबिलीची स्मरणिका लिहिणारा आमचा उत्तराधिकारी इमारतींची यादी देईलच. त्याच्या यादीत गाणे शिकविणाऱ्यांची व शिकणाऱ्यांचीही नावे असावीत, अशी प्रभूचरणी प्रार्थना करून आम्ही लेखणी आवरती घेतो.