तगाई, आणेवारी आणि पंचनामा

आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख समुद्रापासून शेकडो मैल दूर. त्यामुळे चक्रीवादळ म्हटले की ते कोकणातल्या माणसाचे दुखणे, अशी आपली समजूत असते. पण डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग नावाचे वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ जमिनीवर चढले आणि त्याचा पाऊस पूर्व विदर्भापर्यंत येऊन पोचला. धानाच्या दृष्टीने ही वेळ फार नाजूक. कुठे कडपा बांधीत पसरलेल्या, कुठे पुंजणे रचलेले. भिजलेल्या धानाला चार दिवसांत कोंब फुटतात, किंवा दाणा काळा पडतो. मग तलाठी येतो, पंचनामा होतो आणि शेतकरी मदतीची वाट पाहू लागतो. ही मदत देण्याची रीत कशी घडत आली, ते आज पाहावयाचे आहे.

जुना शब्द तगाई. मूळ अरबी शब्द ‘तकावी’, अर्थ बळ देणे. बियाणे गेले, बैल मेले, तर रयतेला पुन्हा उभे राहण्यापुरते बळ द्यावे, ही चाल इंग्रजांच्या कितीतरी आधीची. इंग्रजांनी तिला कायद्यात बसविले. १८८३ च्या कायद्याने विहिरी-बांधांसाठी कर्ज मिळू लागले, १८८४ च्या कायद्याने बी आणि बैलांसाठी. गावातल्या काही जणांनी मिळून एकमेकांची जबाबदारी घ्यावी, अशीही सोय त्यात होती. पण लक्षात घ्या, तगाई हे कर्जच. नुकसान सोसायचे शेतकऱ्याने, सरकारने फक्त उसनवारी करावयाची.

कर्जाने भागेना, असा प्रसंग १८९६-९७ मध्ये आला आणि तीन वर्षांत, १८९९-१९०० मध्ये, पुन्हा आला. तेव्हा चांदा हा मध्यप्रांतातला एक जिल्हा होता. गडचिरोली त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला. पाऊस फिरला आणि वैनगंगेकाठचा धान गेला. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, खडी फोडणे. अन्नछत्रे उघडली. आणि मध्यप्रांतात आणखी एक गोष्ट झाली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारी जंगल लोकांना खुले केले. मोह, टेंभरे, चारोळी, कंदमुळे, जे सापडेल ते न्यावे. कुणाच्या नावावर किती जमीन, हा प्रश्नच नाही. भूक लागली आहे ना, मग चला. इंग्रजांच्या जंगलखात्याने एरवी याच रानात लोकांना किती अडविले, ते आपण जाणतोच. म्हणून त्यांचे फार गोडवे गायचे कारण नाही. पण त्या वर्षी मदतीचा हिशेब माणसावर होता.

शेतसाऱ्याची गोष्ट निराळी. सारा तहकूब करावयाचा तर पीक किती आले ते ठरले पाहिजे. त्यासाठी आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक; त्याखाली नजरेने अंदाज. पुढे आण्याचे पैसे झाले आणि पन्नास पैशांच्या खाली पैसेवारी आली की टंचाई, असे ठरले. पण अंदाज साऱ्या गावाचा! गावची पैसेवारी पंचावन्न निघाली, की ज्याची बांधी नाल्याने खरवडून नेली त्यालाही पंचावन्नच.

हा दोष अलीकडे बराच कमी झाला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्यातल्या त्यासाठीच्या निधीला कायद्याचा आधार मिळाला. २०१५ पासून पन्नासऐवजी तेहेतीस टक्के नुकसान पुरेसे धरले जाऊ लागले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दच्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि ब्रह्मपुरी, वडसा भागातले धान बुडाले. २०२२ च्या अतिवृष्टीत राज्याने कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ६,८०० च्या जागी १३,६०० रुपये, तेही दोनऐवजी तीन हेक्टरांपर्यंत, द्यावयाचे ठरविले. कर्ज नव्हे, मदत.

तरी हिशेब आता सातबाऱ्यावर आला. आणि आपल्या भागात सातबारा म्हणजे मोठा गुंता. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण जंगलातली जबरान जोत राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कित्येकांना पट्टे मिळाले. ज्याचा दावा अडकून पडला, त्याच्या बुडालेल्या बांधीची नोंद करावी तरी कुठे? ठेक्याने, बटाईने कसणाऱ्याचीही तीच गत. माझ्या वर्गातला एक मुलगा सांगत होता. बापाने दुसऱ्याची चार एकर ठेक्याने केली, बी त्याचे, मजुरी त्याची. पूर आला, मदत मालकाच्या खात्यात जमा झाली. मालक भला माणूस. निम्मे पैसे त्याने घरी आणून दिले. “सर, नसते दिले तर?” असे त्या मुलाने मला विचारले, आणि दुष्काळाचा धडा शिकवीत असलेला मी फळ्याजवळ नुसता उभा राहिलो.