झेब्रा हे नाव आधी कोणाचे?

झेब्रा आफ्रिकेतला, पण त्याचे नाव आफ्रिकेतले नाही. ते युरोपच्या नैर्ऋत्य टोकावरचे आहे आणि मुळात भलत्याच जनावराचे आहे.

मध्ययुगात आजचा गॅलिशिया आणि उत्तर पोर्तुगाल या प्रदेशांत एकच भाषा बोलली जाई. तीत ‘झेव्रो’, ‘झेव्रा’ म्हणजे रानात हिंडणारा एक घोडेवर्गीय प्राणी. लॅटिनमधील ‘एक्विफेरुस’, म्हणजे रानघोडा, या शब्दापासून हे नाव आले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पोर्तुगालमधील जुन्या नगरसनदांत जकातीच्या मालात बैलाच्या कातड्याशेजारी झेव्रोचे कातडे नोंदलेले आढळते. म्हणजे त्याची शिकार नित्याची होती.

१५७६ च्या सुमारास स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने गावोगावचे वृत्तांत मागविले. त्यांपैकी चिंचिया येथील वृत्तांतात हा प्राणी येतो, तो मात्र भूतकाळात: उंदरासारखा करडा, घोडीसारखा खिंकाळणारा, कोणत्याही घोड्याला न सापडणारा. पट्ट्यांचा उल्लेखच नाही! तो खरा रानघोडा, रानगाढव की माणसाळलेल्या जनावरांचा रानटी झालेला वंश, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

दरम्यान पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे पोहोचली होती. तेथील पट्टेदार प्राण्याला खलाशांनी मायदेशातले ओळखीचे नाव दिले. दुआर्ते लोपिश याने सांगितलेल्या माहितीवरून १५९१ साली रोममध्ये छापलेल्या काँगोच्या वर्णनात ‘झेब्रा’ याच अर्थाने येतो. मूळ धनी नाहीसा झाला. पोर्तुगालमध्ये ‘झेब्रेइरा’सारखी ग्रामनामे तेवढी उरली.

कोल्ह्याच्या बाबतीत उलट घडले. प्राणी राहिला, नाव गेले. लॅटिन ‘वुल्पेस’पासून आलेले ‘गोल्पे’, ‘गोल्पेल्या’ हे शब्द मागे पडले आणि ‘रापोझा’ रूढ झाला. त्याच्या मुळाशी ‘राबो’, म्हणजे शेपूट, असल्याचे सांगतात.

‘कोब्रा’ची कथा तर थेट गोव्यापर्यंत येते. लॅटिन ‘कोलुब्रा’ म्हणजे साप. स्वरांमधला ‘ल’ गाळणे ही गॅलिशियन-पोर्तुगीजची खोड. म्हणून स्पॅनिशमध्ये ‘कुलेब्रा’, इकडे ‘कोब्रा’. अर्थ मात्र कोणताही साप, अगदी निरुपद्रवी पाणसापसुद्धा. भारतात नागाचा फणा पाहून पोर्तुगीजांनी त्याला ‘कोब्रा दे कापेलो’, म्हणजे टोपडेवाला साप, म्हटले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथात हे नाव आहे. इंग्रजांनी पुढे टोपडे काढून टाकले, नुसता ‘कोब्रा’ ठेवला. आणि इंग्रजीतून तो मराठीत आला, जिथे ‘नाग’ आधीपासून होताच.