तळटीप : नाव-गाव-फळ-फूल

लेखकाने खेळाचा नुसता उल्लेख केला आहे, म्हणून रीत देतो. एकाने मनात मुळाक्षरे म्हणायची, दुसऱ्याने थांबवायचे. जे अक्षर निघेल त्यावरून प्रत्येकाने नाव, गाव, फळ, फूल कागदावर लिहायचे (काना-मात्रा कोणतीही चालते). चारही रकाने आधी भरणारा ‘स्टॉप’ म्हणतो की सगळ्यांचे लिहिणे बंद. एकट्याचे उत्तर 10 गुण, जुळलेले 5, कोरे शून्य. वरवर हा घाईचा खेळ. गुणांची रीत मात्र वेगळे सांगते. जळगावात ‘क’ आला की फळाच्या रकान्यात हमखास केळी. कवठ किंवा करवंद लिहिणारा पुढे जातो. ‘ध’वरून धुळे कोणालाही सुचते, धरणगाव आठवावे लागते. यावर कोणी म्हणेल, तेवढ्यात दुसरा ‘स्टॉप’ म्हणून मोकळा होईल. होऊ द्या. आधी संपवल्याचे वेगळे गुण नसतात. त्याची चारही उत्तरे जुळलेली असली तर त्याला 20, आणि तीनच रकाने एकट्याने भरणाऱ्याला 30. ‘ए’वरून एदलाबाद, म्हणजे मुक्ताईनगरचे जुने नाव, चालावे का यावर भांडण ठरलेले. आमच्या मते चालावे. एरंडोल काय, सगळेच लिहितात.