मूत्रपिंडाची उपेक्षा

जर्मन फौजांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन या लहानशा गावी, १९४३ साली विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त गाळणारे यंत्र सिद्ध केले. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु भारतातील मूत्रपिंडविकाराची कथा या दोहोंच्या मधल्या अंतराचीच कथा आहे.

भोर हे नाशिकचे. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. पैसा नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि रोग बरा करण्याआधी तो टाळण्याची व्यवस्था माणसाच्या घराजवळ असावी, हा त्यांच्या समितीच्या १९४६ च्या अहवालाचा गाभा. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही याच अहवालाच्या शिफारशीतून १९५६ मध्ये उभी राहिली. मूत्रपिंडाकडे त्या काळी कोणाचे लक्ष गेले नाही, यात नवल नाही. हिवताप, क्षय, देवी आणि पटकी यांनीच देश हैराण होता.

शिवाय या अवयवाचा स्वभावच अबोल. निम्म्याहून अधिक कार्यशक्ती नष्ट झाली तरी तो दुखत नाही. मधुमेह आणि रक्तदाब त्याला वर्षानुवर्षे पोखरीत असतात, आणि लघवीच्या साध्या तपासणीत ते कळू शकते. पण काहीच दुखत नसता तपासणीला जातो कोण?

२६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाश नारायण यांना दिल्लीतील गांधी शांती प्रतिष्ठानात अटक झाली. चंदीगडच्या स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास देहावसान होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, त्यांचे जीवन यंत्राच्या आधारे चालले. त्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी दिली. ‘डायलिसिस’ हा शब्द पुष्कळ वृत्तपत्रवाचकांना बहुधा तेव्हाच परिचित झाला. ज्याच्यासाठी वर्गणी जमणार नाही अशा शेतमजुराने काय करावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

१९८३ चे राष्ट्रीय आरोग्यधोरण त्याचे उत्तर देत नव्हते. १९९४ च्या कायद्याने अवयवांच्या खरेदीविक्रीस बंदी घातली. तरीही २००८ च्या जानेवारीत दिल्लीला खेटून असलेल्या गुडगावात मूत्रपिंडांचा चोरटा बाजार उघडकीस आला. बंदीने गरिबी थोडीच हटते!

अखेर २०१६ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण विकाराच्या अंतिम अवस्थेत पोहोचतात, एका वेळच्या डायलिसिसला सुमारे २,००० रुपये पडतात आणि वर्षाचा खर्च ३ लाखांवर जातो, असे त्यांनी संसदेत सांगितले. दूरच्या प्रवासात बुडणाऱ्या मजुरीचाही त्यांनी उल्लेख केला. सरकारी भाषणात अशी गोष्ट क्वचित येते. त्याच वर्षी डिसेंबरात सुषमा स्वराज यांच्यावर, आणि १४ मे २०१८ रोजी खुद्द जेटलींवर, दिल्लीच्या त्याच आयुर्विज्ञान संस्थेत मूत्रपिंडारोपण झाले.

जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली, हे मोठेच काम. परंतु यंत्र हा या रोगाचा शेवटचा मुक्काम; आरंभाकडे धोरण वळले ते फार सावकाश. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्यधोरणाने हृद्रोग, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट विकार यांमुळे होणारे अकाली मृत्यू चतुर्थांशाने घटविण्याचे उद्दिष्ट ठरविले. त्या नामावळीत मूत्रपिंड नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कक्षेत त्याचा जुनाट विकार घेतला गेला तो भोर अहवालानंतर कित्येक दशकांनी. आणि मे २०२५ मध्ये जिनीव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेने मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयीचा ठराव संमत केला.